इकोत निळं दिसलं म्हणजे रक्त खराब झालं असं नसतं: हार्टचे कप्पे आणि रक्ताचा रस्ता

राजेंद्र नगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगते. आई ६७ वर्षांच्या, जिना चढताना दम लागतो म्हणून इको (हार्टची सोनोग्राफी) केला. रिपोर्टमध्ये लिहिलंय ईएफ ६० टक्के, ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन, माइल्ड एमआर, ट्रिव्हियल टीआर, आरव्हीएसपी ३० (या सगळ्याचा अर्थ शेवटी सांगते). इको चालू असताना आईंनी स्क्रीनवर लाल-निळं बघितलं आणि घरी आल्यापासून एकच घोकतायत की माझं निळं रक्त जास्त आहे, अशुद्ध झालंय. त्यात दहावीतला नातू विचारतोय की पुस्तकात सगळ्या धमन्या लाल दाखवल्यात, मग फुफ्फुसाकडे जाणारी एकटीच निळी का? तर ताई म्हणतात एकदा सगळं नीट सांगा, कप्पे कोणते, रक्त कुठून कुठे जातं.

मी इंदूरातच गेली सव्वीस वर्षं इको करतेय, त्यामुळे हा निळ्याचा घोळ मला आठवड्यातून दोनदा तरी भेटतो. आधी तोच मिटवू या.

इकोच्या मशीनला रंग दिसतच नाही हो. ती फक्त आवाज सोडते आणि आपटून परत आलेला आवाज ऐकते, तोही आपल्याला ऐकू न येणारा. रेल्वे फाटकाशी उभं असताना गाडी आपल्याकडे येते तेव्हा शिट्टी बारीक वाटते आणि पुढे निघून गेली की एकदम जाड होते ना, तोच प्रकार. रक्त प्रोबकडे (आम्ही छातीवर टेकवतो त्या दांडीकडे) येत असेल तर मशीन त्याला लाल रंगवते, प्रोबपासून लांब जात असेल तर निळं, बस. प्रोब दुसऱ्या जागी धरला की तेच रक्त लालचं निळं होतं. आणि गंमत म्हणजे छातीच्या डाव्या बाजूला खाली प्रोब धरून जे मोठं निळं दिसतं ते बहुतेक वेळा महारोहिणीकडे (हार्टमधून शरीराकडे जाणाऱ्या सगळ्यात मोठ्या धमनीकडे) निघालेलं रक्त असतं, म्हणजे शरीरातलं सगळ्यात ताजं, ऑक्सिजन काठोकाठ भरलेलं. आईंना सांगा, तुम्ही ज्याला घाबरलात तोच तुमचा उत्तम माल होता.

आता मूळ गोष्ट. लोक हार्टला एक पंप समजतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एकाच पिशवीत एकमेकांना चिकटून दोन पंप आहेत. उजवा पंप शरीरातून परत आलेलं रक्त घेतो आणि फुफ्फुसाला देतो, डावा पंप फुफ्फुसातून आलेलं रक्त घेतो आणि सगळ्या शरीराला देतो. प्रत्येक पंपाला दोन खोल्या, वरची पातळ भिंतीची जमा करणारी ती अलिंद, खालची जाड भिंतीची ढकलणारी ती निलय, झाले चार कप्पे. जुन्या मराठी पुस्तकांत यांनाच कर्णिका आणि जवनिका म्हणायचे, मला अजून तेच शब्द गोड वाटतात, पण इथल्या मुलांना अलिंद-निलयच शिकवतात तर आपणही तेच धरू.

नातवाला अजून एक सांगा, चित्रात उजवी बाजू कागदाच्या डावीकडे असते कारण ते समोर उभ्या माणसाचं हार्ट आहे, आपलं नाही. आणि खरं सांगायचं तर छातीत ते सरळ डावं-उजवं नसतंच, पिळून बसलंय, उजवा निलय पुढे छातीच्या हाडामागे आणि डावं अलिंद पार मागे अन्ननलिकेला टेकलेलं. आकार आपल्या स्वतःच्या मुठीएवढा, वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम, आणि जागा छातीच्या मधोमध पण टोक डावीकडे झुकलेलं, म्हणून ठोका डावीकडे लागतो.

दोन्ही पंपांच्या ताकदीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. इंदूरवाल्यांना हे समजवायला मला सोपं पडतं. आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, ७० किलोमीटरच्या आसपास, मधे घाट चढवावा लागतो, तिथे राक्षसासारखे पंप लागलेत. आणि तेच पाणी एक दिवसाआड आपल्या हौदात आलं की गच्चीवरच्या टाकीत चढवायला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर पुरते. डावा निलय म्हणजे जलूदचा पंप, त्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पाठवायचंय, म्हणून तो १२० चं प्रेशर काढतो आणि भिंत जवळपास १ सेंटिमीटर जाड. उजव्याला शेजारीच असलेल्या फुफ्फुसात पाठवायचंय, तिथलं जाळं मऊ आणि मोकळं, म्हणून २५ च्या आसपास प्रेशरमध्ये काम भागतं आणि भिंत जेमतेम ३-४ मिलिमीटर. फक्त एका ठिकाणी नर्मदेचं उदाहरण फसतं. तिथे दोन पंप दोन वेगळ्या कामांना आहेत, इथे मात्र एकाचं पाणी पूर्ण दुसऱ्यातून जाणार, पुन्हा पहिल्याकडे येणार, एक थेंबही बाहेर नाही.

रस्ता असा. पायाच्या अंगठ्यातून निघालेला एक थेंब धरा, ऑक्सिजन थोडा देऊन आलाय, शिरांमधून वर चढत पोटातल्या मोठ्या शिरेत येतो (डोकं-हातांकडचं रक्त वरच्या मोठ्या शिरेतून येतं), दोन्ही शिरा उजव्या अलिंदात उघडतात, तिथून तीन पाकळ्यांची झडप म्हणजे ट्रायकस्पिड ओलांडून उजव्या निलयात, निलय दाबला की पल्मोनरी झडप उघडून फुफ्फुस रोहिणीत, ती दुभागते आणि दोन्ही फुफ्फुसांत बारीक बारीक होत केसाहून बारीक होते, तिथे हवेच्या पिशवीला अगदी खेटून जाताना कार्बन डायऑक्साइड सोडला आणि ऑक्सिजन घेतला आणि याला सेकंदसुद्धा लागत नाही, मग साधारण चार फुफ्फुस नीलांमधून डाव्या अलिंदात, दोन पाकळ्यांची मायट्रल झडप ओलांडून डाव्या निलयात, आणि निलय दाबला की एओर्टिक झडप उघडून महारोहिणीत आणि तिथून पुन्हा अंगठ्याकडे. आराम करत असताना सगळा फेरा साधारण एका मिनिटाचा.

आता नातवाच्या प्रश्नाचं उत्तर याच रस्त्यात पडलंय. धमनी कोण आणि शीर कोण हे आतलं रक्त बघून ठरवत नाहीत, दिशा बघून ठरवतात. हार्टपासून लांब नेते ती धमनी म्हणजे रोहिणी, हार्टकडे आणते ती शीर म्हणजे नीला. फुफ्फुसाकडे जाणारी हार्टपासून निघालीय म्हणून रोहिणी, पण तिच्यातलं रक्त अजून ऑक्सिजन घ्यायला चाललंय म्हणून चित्रात निळी. आणि परत येणाऱ्या फुफ्फुस नीला नावाच्या निळ्या, कामाच्या लाल. नावं ठेवणाऱ्यांनीच घोळ केलाय, रोहिणी म्हणजे लालसर आणि नीला म्हणजे निळी, मग पोरांनी गोंधळू नये तर काय करावं.

बाकी माणसाच्या अंगात निळं रक्त कुठेच नाही. पॅथॉलॉजीत हातातून रक्त काढतात ते शिरेतलंच असतं, बघा कधी सिरिंजकडे, गडद मरून असतं. आणि हा "अशुद्ध रक्त" शब्द तर मला अजिबात आवडत नाही. शरीरभर फिरून परत येणाऱ्या रक्तातही आराम करताना हिमोग्लोबिनवर ७५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो, जाताना तो ९८ वगैरे होता. म्हणजे चार भाकऱ्यांतली एकच वाटून तीन परत आणल्या, त्याला काय अशुद्ध म्हणणार?

आता मला ज्या मुद्द्याची सगळ्यात जास्त मजा येते तो. दोन्ही पंप एका रांगेत आहेत म्हणजे उजवा जितकं पाठवेल तितकंच डाव्यानेही पाठवायला हवं, थेंबाचा फरक चालत नाही. हिशेब करून बघा. एका ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला ७० ठोके, झाले ४.९ लिटर, म्हणजे अंगातलं जवळजवळ सगळं रक्त दर मिनिटाला दोन्ही बाजूंनी एकेकदा जातं. दिवसाला ७,००० लिटर. आता समजा उजव्याने प्रत्येक ठोक्याला डाव्यापेक्षा फक्त १ मिली जास्त ढकललं, चमचाभरसुद्धा नाही. १० मिनिटांत ७०० ठोके म्हणजे ७०० मिली रक्त जास्तीचं फुफ्फुसात अडकलं. माणूस बुडायला लागेल, कोरड्या खोलीत पलंगावर बसल्या बसल्या.

मग रोज सगळ्यांचं असं का होत नाही? कारण हार्टच्या स्नायूचा एक स्वभाव आहे, जितका ताणाल तितका पुढच्या ठोक्याला जोरात आवळतो. डाव्याकडे थोडं जास्त आलं की तो थोडा जास्त फुगतो आणि तितकंच जास्त बाहेर टाकतो, कोणी सांगावं लागत नाही, मेंदूसुद्धा नाही. फ्रँक आणि स्टारलिंग या दोघांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. कॉलेजात पाठ केला तेव्हा रटाळ वाटला होता, पण डावा पंप थकलेला पेशंट रात्री दोन वाजता उठून बसून गुलाबीसर फेस खोकताना समोर बघितला त्या दिवशी तो नियम डोक्यात कायमचा बसला. उजवा ठणठणीत होता ना त्याचा, पाठवतच राहिला होता. आणि उलटं झालं, उजवा थकला, तर पाणी मागे शरीरात तुंबतं, पायावर सूज, लिव्हर मोठं, मानेच्या शिरा फुगलेल्या. म्हणून आम्ही दम आणि सूज या दोन गोष्टी इतक्या खोदून खोदून विचारतो.

झडपांबद्दल. बहुतेकांना वाटतं झडपेला स्नायू असतो आणि तो तिला उघडतो-मिटतो. झडप बिचारी काहीच करत नाही. तुमच्या मोटरच्या पाइपात प्लंबर एनआरव्ही बसवतो ना, पाणी पुढे गेलं तर उघडतं आणि मागे यायला लागलं की आपोआप बंद, अगदी तसं. मागे प्रेशर जास्त तर उघडी, पुढे जास्त तर बंद. त्या बंद होण्याचाच लब-डब, लब म्हणजे मायट्रल आणि ट्रायकस्पिड मिटल्या, डब म्हणजे एओर्टिक आणि पल्मोनरी मिटल्या.

हे दाखवायला मी नर्सिंगच्या मुलींना बकऱ्याचं हार्ट आणून दाखवते. आमच्या घरी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही त्यामुळे हे सगळं मागच्या अंगणात नळाखाली, वर्तमानपत्र अंथरून. खाटकाला आधी सांगावं लागतं की चीर देऊ नकोस भिया, नाही तर तो सवयीने सपकन मधून कापतो आणि सगळी मजा जाते. अख्खं मिळालं की आधी अंगठा आणि बोट लावून दोन्ही बाजू दाबून बघायच्या, एक बाजू पिशवीसारखी लिबलिबीत, एक रबराच्या चेंडूसारखी कडक, उजवं-डावं तिथेच कळतं, पुस्तक लागत नाही. मग महारोहिणीचं जाड पांढरं तोंड वर धरून त्यात नळाचं पाणी ओतायचं. पाणी आत उतरत नाही! वर तुडुंब उभं राहतं, आणि वरून बघितलं की तळाला अर्धचंद्राच्या तीन पाकळ्या एकमेकींना घट्ट टेकलेल्या दिसतात, मध्ये तीन रेघांची चांदणी. पाकळी इतकी पातळ की बोट आरपार दिसावं, आणि हीच आपल्याकडे दिवसाला एक लाख वेळा उघडते-मिटते. दरवेळी एखादी मुलगी तरी बोट घालून बघतेच.

मग डावा निलय उभा चिरायचा. आत मायट्रलच्या पाकळ्यांपासून पांढरेशुभ्र दोरे खाली स्नायूंच्या खुंट्यांना बांधलेले दिसतात. ओढून बघा, तुटत नाहीत सहजी. हे दोरे झडप उघडायला नसतात, वारा भरला की छत्री उलटी होते ना, तशी झडप निलयाच्या दाबाने वर अलिंदात उलटी होऊ नये म्हणून आहेत. माणसातही हेच, आणि यातला एखादा मुख्य दोरा तुटला तर झडप एकदम गळायला लागते, काल चालता-फिरता माणूस आज आयसीयूत. दोन अलिंदांच्या मधल्या पडद्यावर एक नखाएवढा खळगाही सापडेल. पोटातल्या बाळाला फुफ्फुस वापरायचंच नसतं म्हणून तिथे आडवाट असते, उजवीकडून थेट डावीकडे, जन्मल्यावर पहिला श्वास घेतला की डावीकडचं प्रेशर वाढून ती मिटते. चारातल्या एका माणसात ती पूर्ण चिकटत नाही आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही.

विजेचं थोडक्यात. उजव्या अलिंदाच्या वरच्या कोपऱ्यात एसए नोड नावाचा ठिपका स्वतःच ठोका सुरू करतो, तो अलिंदांत पसरतो, मग मधल्या एव्ही नोडमध्ये जाऊन मुद्दाम सेकंदाचा साधारण दहावा भाग थांबतो. का? कारण अलिंदाने आपलं शेवटचं रक्त निलयात ओतेपर्यंत निलयाने आवळू नये. हा नोड जपानी तावारांनी १९०६ मध्ये शोधला आणि एसए नोड त्याच्या पुढच्या वर्षी कीथ आणि फ्लॅकनी, म्हणजे वीज कुठे थांबते ते आधी कळलं आणि कुठून निघते ते नंतर.

खरी गोष्ट आता, जिच्याकडे कोणी बघत नाही: हार्ट ढिलं पडतं ती वेळ. एका ठोक्याचा ०.८ सेकंद धरला तर आवळायला ०.३, आणि ढिलं होऊन भरायला ०.५. भरलं नाही तर पाठवणार काय? धार बाजूच्या एका गावातली मुलगी आठवते, २३ वर्षांची, सातवा महिना, तीन महिने खोकल्याची औषधं घेतलेली. आली तेव्हा आडवी होऊ शकत नव्हती, नाडी १२४. इको लावला तर मायट्रल झडपेचं तोंड, जे ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, ते जेमतेम १ उरलेलं, पाकळ्या कडांना चिकटून माशाच्या तोंडासारख्या झालेल्या. लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते, तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही, संधिवाताच्या त्या तापाने झडप हळूहळू खाल्ली. पण लग्नाआधी तर ती शेतात काम करत होती, मग आत्ताच का झालं? कारण गरोदरपणात रक्त वाढतं आणि नाडी वाढते, नाडी १२० च्या वर गेली की सगळा ठोकाच अर्ध्या सेकंदाचा होतो, आवळायचा वेळ फार कमी होत नाही, कापला जातो तो भरायचा वेळ. अरुंद दार आणि वरून वेळ निम्मा. रक्त डाव्या अलिंदात तुंबलं, तिथून मागे फुफ्फुसात. आधी काय केलं तर नाडी कमी करायचं औषध दिलं, दार तेच, फक्त वेळ वाढवून दिला, आणि दोन दिवसांत ती उशी घेऊन झोपायला लागली. फुग्याने झडप उघडली ते नंतर, पोटाला शिशाचं आवरण बांधून. तिची मुलगी आता शाळेत जाते आणि हिला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं ते घेते, कुरकुर करत.

ढिलं पडण्याचा आणखी एक फायदा हार्टला स्वतःला. चारही कप्पे रक्ताने भरलेले असले तरी जाड भिंतीला त्यातून काही मिळत नाही, पंगतीत वाढप्याच्या हातात भरलेलं पातेलं असतं पण पोट रिकामं, तसं. तिला रक्त येतं कोरोनरी रोहिण्यांमधून, ज्या एओर्टिक झडपेच्या अगदी वरून निघतात, महारोहिणीच्या पहिल्या फांद्या त्याच. आणि डाव्या भिंतीत तरी हे रक्त मुख्यतः ढिल्या वेळातच शिरतं, कारण आवळताना त्याच नळ्या चेपल्या जातात. यातली एखादी बंद पडली तर हार्ट अटॅक, तो विषय वेगळा आणि मोठा.

हे सगळं शोधलं कसं, हे नातवाला आवडेल. पूर्वी गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या मताप्रमाणे समजायचे की मधल्या पडद्याला अदृश्य भोकं आहेत आणि रक्त लिव्हरमध्ये बनून शरीरात संपून जातं. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्यांनी लिहिलं की पडद्याला भोक नाही, रक्त फुफ्फुसातून फिरून येतं. आणि १६२८ मध्ये इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेनी वर केला तसाच साधा गुणाकार केला, एका ठोक्याचं रक्त अगदी कंजूषपणे धरलं तरी अर्ध्या तासात अंगात आहे त्यापेक्षा जास्त होतं, मग इतकं रक्त रोज बनेल कुठून, फिरतच असणार. रोहिणीतून शिरेत जाणाऱ्या केशवाहिन्या त्यांना दिसल्या नाहीत, त्या १६६१ मध्ये माल्पीघींनी बेडकाच्या फुफ्फुसात बघितल्या. हार्वेंचा एक प्रयोग घरी होतो. आजोबांच्या किंवा कोणाही सडपातळ माणसाच्या दंडाला रुमाल बेताने बांधा, हातावरच्या शिरा फुगतील. एका शिरेवर मनगटाकडे एक बोट दाबून ठेवा, दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे शीर निपटत न्या आणि ते बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त खाली येत नाही, कारण शिरेत झडप आहे. खालचं बोट उचललं की भसकन भरतो. रुमाल मिनिटभरात सोडा मात्र.

आता आईंचा रिपोर्ट. ईएफ ६० म्हणजे हार्ट ६० टक्के चाललंय आणि ४० टक्के गेलं असं बिलकुल नाही. निलय भरतो तेव्हा साधारण १२० मिली, बाहेर टाकतो ७०, उरतात ५०, टाकलेला भाग ५८-६० टक्के. पूर्ण कधीच रिकामा होत नाही, व्हायचाही नसतो, ५५ ते ७० नॉर्मल. हे मी इतकं ठासून सांगते कारण चूक माझीच झालीय एकदा. सुरुवातीच्या वर्षांत पेशंटसमोरच सिस्टरला म्हणाले "ईएफ साठ, लिहा" आणि पुढच्या पेशंटकडे वळले. ते काका दोन वर्षांनी आले तेव्हा कळलं की त्या दिवसापासून त्यांनी जिना चढणं सोडलं होतं, खाली बैठकीच्या खोलीत पलंग टाकून राहत होते, चाळीस टक्के हार्ट गेलंय म्हणून. तेव्हापासून आकडा सांगते तेव्हा त्याचा अर्थ सांगून मगच खुर्चीवरून उठते.

ट्रिव्हियल टीआर म्हणजे ट्रायकस्पिडमधून किंचित मागे गळणं, हे चांगल्या-भल्या लोकांमध्येही भरपूर दिसतं. उलट आम्हाला ते सोयीचं पडतं, त्या गळतीचा वेग मोजला की उजव्या बाजूचं प्रेशर सुई न टोचता कळतं. वेगाचा वर्ग गुणिले ४. वेग सेकंदाला अडीच मीटर निघाला तर २५, त्यात अलिंदाचं ५ धरून ३०. आरव्हीएसपी, म्हणजे उजव्या निलयाचं आवळतानाचं प्रेशर, ३० असंच येतं, आणि ते ठीक आहे. माइल्ड एमआर म्हणजे मायट्रलमधून थोडं मागे गळणं, तो या वयात खूप जणांना असतो, दोरे आणि दार शाबूत असतील तर वर्ष-दोन वर्षांनी बघायचं, बस.

ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन एवढं एकच वाक्य जरा लक्ष देण्यासारखं, आणि त्याचा अर्थ तुम्हाला आता कळेल: डावा निलय आवळतो छान पण ढिला पडायला थोडा आळस करतो. साठीनंतर हे फार कॉमन, ज्यांचं बीपी बरीच वर्षं वाढलेलं आहे त्यांच्यात जास्त, भिंत ताठ होते. आईंचं बीपी किती असतं ते तुम्ही लिहिलं नाहीये. ते घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा, आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड केलं नसेल तर करून घ्या. एवढ्या रिपोर्टवर दम फक्त हार्टचाच आहे असं मी म्हणणार नाही, रक्त कमी असेल तरी जिन्यावर असाच दम लागतो.

त्यांना विचारा रात्री किती उशा लागतात, आडवं झाल्यावर दम वाढून उठून बसावं लागतं का. आणि संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून उचला, खड्डा राहतो का बघा. यातलं काही असेल तर डॉक्टरांकडे लगेच जा, छातीत दाब येऊन घाम फुटला तर मात्र त्याच वेळी हॉस्पिटल, उद्या नाही. आधीचा कुठला इको केलेला असेल तर तो रिपोर्टही सोबत न्या, एकट्या रिपोर्टपेक्षा दोन शेजारी ठेवले की बरंच कळतं.

नातवाला बकऱ्याचं हार्ट बघायचं असेल तर रविवारी सकाळी लवकर जा, दहानंतर अख्खं मिळत नाही.